साठीनंतर पहिल्यांदा मेकअप करताय?

ताई, 'या वयात कशाला नटायचं' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण पंचविशीतली पद्धतही नको. उतारवयात कातडी कोरडी पडते, म्हणून पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते आणि तासाभरात चेहरा पिठाळ दिसतो.

तोंड धुऊन चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, 10 मिनिटं थांबा. मग पातळ फाउंडेशन (कातडीच्या रंगाचा लेप), वाटाण्याएवढंच, ओल्या स्पंजने थापटत. घासलंत तर खालचं क्रीम गोळे होऊन निघतं. शेड जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळंच छान दिसतं! पावडर फक्त नाकाला.

काजळ खालच्या पापणीत भरलं की ओघळतं, डोळे थकलेले दिसतात. त्यापेक्षा वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक तपकिरी रेघ ओढा. लिपस्टिक ओठांभोवतीच्या रेषांत पसरते, तिला आधी त्याच रंगाच्या पेन्सिलीचं कुंपण घाला.

टिकलीचं मात्र मनावर घ्या. जागा खाजते किंवा पांढरट दिसते? टिकली लगेच बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल असतं, त्याने कातडीचा रंग जातो. जागा बदलून लावत राहिलात तर दुसरा डाग पडतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर ओठांच्या पेन्सिलीने टिंब काढा.

केसांच्या डायचा थेंब आधी कानामागे लावून खाज किंवा पुरळ येते का ते 48 तास बघा, वर्षानुवर्षं तोच डाय असला तरी. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बऱ्याचदा डायचंच रसायन असतं.