नायिका देवाशी भांडते, मग श्रद्धेचं काय?

"मॅडम, मुलगी असली पुस्तकं वाचते. त्यातली बाई देवाशी भांडते. हिची श्रद्धा जाईल का?" वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला सतत येतो, कारण दुःखात अडकलेल्यांना वाचनातून बोलतं करणं हे माझं काम. कधी आई विचारते, कधी वाचणारी स्वतःच घाबरलेली असते. उत्तर एका अनुभवातून देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे आलेली ती बाई शाळेत शिकवायची. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात नवरा समुद्रात हरवला, मृतदेह मिळाला नाही. सात वर्षं खबर नसली की कायदा माणसाला मृत मानू शकतो, आणि ती मुदत कधीच उलटली होती. चर्चच्या नियमात मात्र नुसता काळ लोटला म्हणून विवाहबंध सुटत नाही. मृत्यूची खात्री पटल्याचं बिशपांनी जाहीर करावं लागतं. पण दुसऱ्या लग्नाची गोष्ट फार पुढची. तिचं अडलं होतं ते २ नोव्हेंबरला मृतांसाठी चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सा या उपासनेपाशी, मृतांमध्ये त्याचं नाव द्यायचं की नाही यावर.

"नाव दिलं तर मीच त्याला मारल्यासारखं होईल. सासूबाई अजून तो येईल म्हणून रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना) करतात."

मुंबईची बहीण तिला ख्रिस्ती कादंबऱ्या पाठवायची. बहुतेकींत शेवटच्या प्रकरणात सगळं जुळून यायचं. हरवलेला परतायचा, नाहीतर एका प्रार्थनेत नायिका शांत व्हायची. आपलीच श्रद्धा कमी पडतेय, असं तिने त्यातून ठरवलं होतं. मग एक वेगळी कादंबरी हाती आली. मूल गमावलेली नायिका त्यात प्रार्थनाच सोडते, आणि लेखिका तिला घाईने देवळात परत आणत नाही. हिने ते पुस्तक कपाटात साड्यांखाली ठेवलं.

"का लपवलंत?"

"ती बोलली ते माझंच होतं. कुणी वाचलं असतं तर?"

त्या दिवशी मी तिला बायबलमधलं ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. दुःखाची बाकीची स्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. देवा, तुझ्या लाटांनी मला दडपलं, अशी तक्रार आली तिथे ती अडखळली, पाणी प्यायली, पुन्हा वाचू लागली. शेवट अंधारातच झाला.

"पुढे?"

"संपलं."

"असंच? बायबलमध्ये?"

"असंच."

ती बराच वेळ रडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू त्याला बुडताना बघितलंस ना?" देवाशी ती कितीतरी वर्षांनी बोलत होती.

मी थेट विचारलं असतं तर "देवाची मर्जी" एवढंच उत्तर मिळालं असतं. जे बोलायची भीती वाटते ते आधी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं लागतं. कादंबरीतल्या बाईने म्हटलं, स्तोत्रकर्त्याने म्हटलं, तेव्हा हिला म्हणता आलं. माझ्या कामाचा सगळा भर यावर आहे, आणि तो योग्य असल्याचं त्या दुपारी पुन्हा दिसलं. आपल्याकडे हे नवंही नाही. अनेक अभ्यासक जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाचीच, आणि विषय विधवांच्या हालांचा.

त्या वर्षी तिने नाव दिलं. सासूबाई तेर्स करत राहिल्या. सासूला समजवा, असं मी कधीही सुचवलं नाही. दोघी मिस्साला एकाच बाकावर बसल्या.

म्हणून आयांनो, पुस्तक काढून घेऊ नका. कुठल्या पानावर थांबलीस, एवढं विचारा. एका बाबतीत मात्र मी कडक आहे. अत्याचार करणाऱ्याला माफ करून त्याच्याच घरात राहणं म्हणजे श्रद्धा, असं शिकवणारी कथा बाजूला ठेवा. मनातून क्षमा करणारी बाईसुद्धा पोलिसांत तक्रार करू शकते. दुखावलेल्या माणसाच्या हातात "वाच, बरं वाटेल" म्हणून पुस्तक कोंबू नका, आधी विचारा. वाचताना छाती धडधडली, झोप उडाली, जुनं सगळं पुन्हा डोळ्यांसमोर घडू लागलं, तर काही दिवस पुस्तक मिटून ठेवा. नंतर दिवसा, घरात कुणी असताना वाचा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.