आधी बर्फ, मग जाळं : पकडलेली मासोळी कापेपर्यंत कशी सांभाळावी

प्रश्न (लाखांदूर तालुका, शेततळेधारक) : संध्याकाळी रोहू-कटला काढतो, रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवतो आणि सकाळी बाजारात नेतो. निम्म्या माशांची पोटं फुटलेली असतात. तळ्याची औषधं विकणारा दुकानदार म्हणतो, धुण्याच्या पाण्यात थोडं फॉर्मॅलिन टाका. टाकावं का?

उत्तर : नाही. एक थेंबही नाही. फॉर्मॅलिन दुकानात असतं ते मत्स्यबीजावरच्या आणि जिवंत माशांवरच्या परजीवींसाठी. खायच्या मासोळीत ते घालायला अन्नसुरक्षा कायद्याने मनाई आहे आणि त्यातलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून जगभर मान्य झालेलं आहे. त्याने मासोळी ताजी राहत नाही, मांस नुसतं आवळतं, घट्ट दिसतं. आधी झालेली कूज आतच राहते. दुकानदाराच्या ‘थोडं’ला माप नसतं, आणि खाण्याच्या मासोळीसाठी सुरक्षित असं मापही नाही. धुतल्याने, शिजवल्याने ते पूर्ण निघून जाईल या भरवशावर राहू नका.

पोट का फुटतं ते पाहा. सकाळी तुम्ही खाद्य टाकलं, संध्याकाळी जाळं ओढलं. आतडी भरलेली. मासा मेल्यावर त्या आतड्यांतले पाचकरस थांबत नाहीत, ते स्वतःच्याच पोटाची भिंत पचवू लागतात. आतले जिवाणूही त्याच वाटेने मांसात उतरतात. 30 अंशांच्या रात्री हे काम झपाट्याने होतं. म्हणून काढणीच्या 24 तास आधी खाद्य बंद करा. विकाऊ मालाचं वजन घटेल या भीतीने खाद्य चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. घटलेल्या वजनापेक्षा फुटलेल्या पोटांचं नुकसान कितीतरी मोठं असतं.

दुसरी चूक वेळेची. बाजार सकाळचा असेल तर जाळं पहाटे लावा. संध्याकाळी काढून रात्र काढायची, तर बर्फ घरी आल्याशिवाय जाळ्याला हात लावू नका. मासे मरून पडल्यावर मोटारसायकल घेऊन बर्फ कारखान्याकडे धावण्यात जे दोन तास जातात, तेवढ्यात माल हातचा जातो. मग कितीही बर्फ ओता, गेलेला ताजेपणा परत येत नाही.

पद्धत अशी. 20 किलो मासोळीसाठी टबात 10 लिटर स्वच्छ पाणी आणि 15 किलो फोडलेला बर्फ. पाणी बोअरचं किंवा नळाचं घ्या; तळ्याचं, बोडीचं (शेतातल्या छोट्या तळ्याचं) हिरवं पाणी नको. मासा जाळ्यातून काढला की डोक्यावर एक नेमका ठोका द्या आणि लगेच टबात टाका. तडफडत मेलेला मासा लवकर ताठ होतो आणि लवकर मऊही पडतो. अर्धा तास बर्फपाण्यात राहू द्या. दोन किलोच्या वरचा कटला असेल तर तासभर. नुसता वरून बर्फ टाकला तर माशाच्या अंगाला तो जागोजागीच टेकतो. बर्फपाणी सगळीकडून भिडतं, म्हणून गाभा लवकर गार होतो. खर्च तोच, पण फरक स्पष्ट दिसतो. पेटी भरण्याआधी हा टब कराच, एवढा आमचा आग्रह आहे.

मग पेटी. तळाला दोन इंच बर्फ, त्यावर माशांचा एक थर, परत बर्फ, असं करत वरचा शेवटचा थर बर्फाचाच. एका पेटीत फुटभरापेक्षा जास्त उंच रचू नका, खालचे मासे दबतात. तळाशी भोक हवंच. वितळलेलं पाणी रक्त आणि चिकटा घेऊन खाली निघून गेलं पाहिजे. साचलेल्या पाण्यात बुडालेला खालचा थर सगळ्यात आधी वास मारतो. ताठ झालेला मासा बसवण्यासाठी ओढून सरळ करू नका, आत मांस फाटतं. थर्माकोलची पेटी नसेल तर एकात एक बसणारे दोन टोपले घ्या आणि मधल्या फटीत धानाचा तूस ठासा. वर तणस (धानाचा पेंढा) आणि ओलं पोतं.

प्रश्न (आरमोरी तालुका, मत्स्य सहकारी संस्थेचे सभासद) : ठोक व्यापारी सांगतो, दहा किलो मालाला दोन किलो बर्फ पुरतो. खरं आहे का?

उत्तर : खोटं आहे, आणि हिशेब सोपा आहे. 30 अंशांची 10 किलो मासोळी शून्यावर आणायलाच सुमारे 3 किलो बर्फ वितळतो. पेटीच्या भिंतीतून, झाकणातून शिरणारी उष्णता वेगळी. मे महिन्यात, 44-45 अंशांत, मासोळीच्या वजनाएवढा बर्फ धरा. हिवाळ्यात जवळच्या बाजारासाठी निम्मा चालेल. व्यापाऱ्याला बर्फाचं भाडं वाचवायचं असतं. खराब मालाचा कमी भाव तो तुमच्याच माथी मारतो.

बर्फ लवकर वितळू नये म्हणून त्यात युरिया घाला, असंही कोणी सांगेल. ऐकू नका. युरिया धानाला घाला, खायच्या मालाजवळ नको. ब्लीचिंग पावडरचंही तेच. मूठभर टाकली की मांसाला क्लोरीनचा दर्प बसतो. धुण्याच्या पाण्यात वापरायचीच असेल तर 30 टक्के क्लोरीन असलेली पावडर 100 लिटरला दीड ते दोन ग्रॅम. हे माप डोळ्याने जमत नाही. वजनकाटा नसेल तर पिण्याच्या पाण्याने धुवा, तेवढं पुरतं. निळसर बर्फ कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. खाण्यायोग्य नाही हे ओळखता यावं म्हणूनच त्यात तो रंग घातलेला असतो.

बर्फपेटीची सायकल, मोटारसायकल किंवा तीनचाकीसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के अनुदानाची तरतूद आहे. योजना आणि अर्ज सध्या सुरू आहेत का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. मंजुरीआधी खरेदी करू नका.

प्रश्न (सिंदेवाही तालुका) : बोडीत संध्याकाळी गरीला लागलेले मासे सकाळी कापले तर चालतील का?

उत्तर : मरळ, मांगूर, शिंगी असेल तर थोड्या पाण्यात, जाळी झाकून जिवंतच ठेवा, ते हवेतून श्वास घेतात. रोहू, कटला मेला असेल तर बर्फात ठेवून सकाळी कापा. बर्फ नसेल तर त्याच रात्री साफ करून शिजवा. बादलीभर पाण्यात मेलेला मासा बुडवून ठेवणं आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं, दोन्ही वाईट. फ्रिजमध्ये थेट टाकलेला मोठा मासा आतून तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून आधी बर्फपाणी, मग फ्रिज.

पोट फाडून आतडी तशीच ठेवणं हे अख्खा ठेवण्याहून वाईट. फाडलं तर आतडी आणि कल्ले पूर्ण काढा, काळी झिल्ली खरवडा, स्वच्छ पाण्याने धुवा. पित्त फुटू देऊ नका. मधुमेहावर औषध म्हणून रोहूचं पित्त गिळायला सांगणारे गावोगाव आहेत. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. कच्चं नको, शिजवूनही नको.

प्रश्न (त्याच भागातून) : नाल्यात फवारणीचं औषध टाकून मासे पकडतात. ते लगेच बर्फात ठेवले तर खाता येतात का?

उत्तर : नाही. बर्फ कूज लांबवतो, विष काढत नाही. पाण्यात विष टाकून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असे मासे विकू नका, कोंबड्यांनाही घालू नका, खड्ड्यात पुरा. त्या नाल्याचं पाणी जनावरांना पाजू नका.