घराजवळच्या दोन कोर्टांच्या टेनिस क्लबात चाळिशीनंतर जावं का, आणि तिथे खेळायला कसं मिळतं?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात घराजवळ लाल मातीची दोन कोर्टं असलेला छोटा क्लब आहे, वय बेचाळीस, टेनिस कधी खेळलेला नाहीत पण बॅडमिंटन बरं येतं. सभासद व्हावं का, आणि तिथली जुनी मंडळी नव्या माणसाला खेळायला घेतील का? सभासद जरूर व्हा, पण या आठवड्यात पैसे भरू नका. दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ देतो, कारण फी भरलेली माणसं दोन-तीन महिन्यांत यायची बंद होतात ती बहुधा तिथेच अडकून.

छोट्या क्लबात कोर्ट मिळतं फीमुळे, आणि खेळायला मिळतं डबल्समधल्या बाकीच्या तिघांमुळे. सकाळी सहा ते आठ ही गर्दीची वेळ धरा. डबल्सचा एक सेट ३५ ते ४० मिनिटं चालतो, म्हणजे दोन तासांत एका कोर्टावर तीन सेट, दोन कोर्टांवर सहा. एकूण चोवीस जागा. त्यातल्या बऱ्याच ठरलेल्या चौकड्यांनी धरलेल्या असतात. म्हणून गर्दीच्या वेळी सिंगल्स खेळू देत नाहीत, आणि म्हणूनच नवा माणूस बाकावर बसून राहतो. तुम्ही ज्या वेळी खेळणार त्याच वेळी वेगवेगळ्या तीन दिवशी जाऊन नुसतं बघा. नावं पाटीवर लिहून नंबर लागतो की ग्रुप ठरलेले आहेत? सेट संपल्यावर बाहेर बसलेल्यांना आत घेतात की तेच चौघं दुसरा सेट सुरू करतात? एखादा आला नाही तर चौथा म्हणून कुणाला हाक मारतात? नंबराची पाटी असेल आणि ती पाळली जात असेल, तर तो क्लब नवख्यासाठी चांगला समजा. ठरलेलेच ग्रुप असतील तर सकाळचा नाद सोडून संध्याकाळी सात-साडेसातनंतरची वेळ बघा. नोकरीवाले तेव्हा येतात, रोज कुणाची ना कुणाची दांडी असते, आणि चौथ्याची गरज पडते.

सभासदत्वाच्या अर्जावर बहुतेक ठिकाणी सूचक आणि अनुमोदक अशा दोन सभासदांच्या सह्या लागतात. तीन दिवस जाऊन बसलात की ओळखी तिथेच होतात. चौकशी करताना एवढं नक्की विचारा: टेनिसपुरतं वार्षिक किंवा मासिक सभासदत्व आहे का, दिव्यांचे पैसे फीत धरलेले आहेत की तासावर, मार्करचे (म्हणजे सभासदांबरोबर खेळायला, त्यांना बॉल द्यायला क्लबाने ठेवलेल्या खेळाडूचे) पैसे क्लबाला द्यायचे की थेट त्याला, पाहुणा आणला तर किती, आणि पावसाळ्यात कोर्ट बंद असताना फी चालू राहते का. हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहून जातो. मातीची कोर्टं जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ मिळतच नाहीत, वर त्यानंतर नवा थर देऊन दाबायला काही दिवस जातात. वर्षातले चार महिने असे गेल्यावर वार्षिक फी खरी केवढ्याला पडते याचा हिशोब करा. आजीव सभासदत्वाचा विचार एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, काढल्यावरच करा. आणि जे भराल त्याची पावती घ्या, अनामत असेल तर ती परत कधी मिळणार हे पावतीवर लिहून घ्या.

आता खेळाचं. शिकण्यासाठी मार्करसारखा माणूस नाही, पण त्याला आधीच सांगा की तुम्हाला तीन महिन्यांत डबल्समध्ये उभं राहायचंय. नाहीतर तो महिनाभर फोरहँडवर सोपे बॉल देत राहील, तुम्हालाही छान वाटेल, आणि सेटमध्ये उभे राहाल तेव्हा सर्व्हिस टाकता येणार नाही. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास पुरे. त्यातली शेवटची पंधरा मिनिटं पहिल्या दिवसापासून सर्व्हिसला द्या. पहिले काही आठवडे हिरवा ठिपका असलेले बॉल वापरता आले तर उत्तम. ते नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण पाव हिश्श्याने संथ असतात, त्यामुळे फटका पूर्ण करायला वेळ मिळतो.

बॅडमिंटनचा तुम्हाला फायदा आहे आणि तोटाही. फायदा डोक्यावरच्या फटक्यात: हस्तांदोलनासारखी जी पकड तुम्हाला सवयीची आहे, जवळजवळ तीच टेनिसच्या सर्व्हिसला, स्मॅशला आणि व्हॉलीला (टप्पा पडण्याआधी मारायच्या फटक्याला) लागते, खांदा-कोपराची फेकही तीच. हे शिकायला इतरांना महिने लागतात. तोटा मनगटाचा. शटल पाच ग्रॅमच्या आसपास असतं, टेनिसचा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅम. म्हणजे दसपटीहून जड वस्तू तुम्ही तीनपट जड रॅकेटने मारताय. ती मनगटाच्या झटक्याने मारली तर सगळा धक्का कोपराच्या बाहेरच्या हाडाला लागून असलेल्या स्नायूबंधावर येतो, आणि दोन महिन्यांत चहाचा कप उचलताना दुखायला लागतं. फोरहँडला पकड थोडी फिरवून तळवा दांड्याच्या मागे आणा, मनगट धरून ठेवा आणि खांदे वळवून मारा. आणि बॉल हवेत गाठायची घाई करू नका. तो टप्पा घेऊन कमरेच्या उंचीला उतरू द्या. मातीवर टप्पा संथ आणि उंच येतो, वेळ असतो.

रॅकेट २७ इंची, १०० चौरस इंच डोक्याची, तारेशिवाय २८० ते ३०० ग्रॅम घ्या. पकडीचा आकार बघायला रॅकेट खेळायच्या हातात धरा. बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगवटा यांच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम बसली पाहिजे. नवशिक्याचं सगळ्यात जास्त नुकसान गटिंगमध्ये, म्हणजे रॅकेटला तार भरून घेण्यात होतं. दुकानदार टिकाऊ म्हणून पॉलिएस्टरची कडक तार सुचवतो. ती जोरकस मारणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट अशी मऊ तार घ्या, ५० पाउंडांच्या आसपास ताणून, कोपर कुरकुरत असेल तर ४८. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग, हा चांगला ठोकताळा आहे, तार तुटलेली नसली तरी. मातीचे कण तारांच्या छेदांवर करवतीसारखे घासतात, तिथे खाचा दिसायला लागल्या की ती जाणारच. रॅकेट उन्हातल्या गाडीत ठेवू नका, ताण उतरतो.

धावायचे बूट घालून येऊ नका, यात कुणाची भीड धरू नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो. शिवाय त्यांचे खोल खाचे माती उकरतात आणि कोर्ट राखणारे मामा पहिल्या दिवशीच नाराज होतात. टेनिसचेच बूट घ्या, तळाला माशाच्या काट्यासारखी बारीक नक्षी असलेले.

चौघांच्या खेळात तुमच्याकडून काय हवं असतं, तर दुसरी सर्व्हिस आत पडणं. वेग नको, डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जाणं) नको. त्यानंतर सर्व्हिसचा परतावा तिरपा, जाळीजवळच्या माणसापासून लांब. आणि अडचणीत आलात की उंच लॉब. एवढ्या तीन गोष्टी ज्याला येतात त्याला लोक फोन करून बोलावतात. मधून जाणाऱ्या बॉलला ‘माझा’ किंवा ‘तुझा’ असं मोठ्याने म्हणा. दोघं गप्प राहिलात तर रॅकेटवर रॅकेट आपटते.

गुण सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक सर्व्हिसआधी मोठ्याने सांगायचा, स्वतःचा आधी. सेट ६-६ झाल्यावरच्या टायब्रेकमध्ये पहिली सर्व्हिस एक, नंतर प्रत्येकाच्या दोन-दोन, दर सहा गुणांनी बाजू बदल, हे पाठ करून जा. ऐन वेळी सगळे तिथेच अडखळतात. वेळ कमी असेल तर ड्यूसला (४०-४० ला) एकच निर्णायक गुण खेळतात, त्यात बॉल कुठल्या बाजूला घ्यायचा ते परतावा करणारी जोडी ठरवते. आपल्या बाजूच्या रेषांचा निकाल आपण द्यायचा. रेषेला जरा जरी स्पर्श झाला तरी बॉल आत, आणि शंका असेल तर फायदा समोरच्याला. मातीवर खूण बघता येते, पण ती बॉल मारून झाल्यावर, चार फटक्यांनंतर काढायची नाही. खूण सापडली नाही, दोन खुणांमध्ये गोंधळ झाला, तर बॉल आत धरा आणि पुढे चला. पहिली सर्व्हिस बाहेर गेली की तो बॉल परत मारत बसू नका. शेजारच्या कोर्टावर रॅली चालू असताना मागून चालत जाऊ नका, आणि कुणाचा बॉल आपल्या कोर्टात घरंगळला तर लगेच हात वर करून ‘लेट’, म्हणजे गुण पुन्हा खेळू, असं म्हणा. पायाखाली बॉल येऊन घोटे मोडतात.

बॉलचा डबा तीन बॉलांचा असतो आणि ग्रुपमध्ये पाळीने आणतात. पहिल्या आठवड्यात न मागता एक डबा तुम्ही आणा. झाकणाचं सील उघडताना ‘फस्स’ आवाज झाला नाही, तर आतली हवा आधीच गेलेली आहे, डबा दुकानात परत द्या. बॉल जुना झाला का हे बघायला दोन बॉल एकाच उंचीवरून फरशीवर सोडा. चांगला बॉल निम्म्याहून थोडा वर उसळतो, निम्म्याच्या खाली राहिला तर तो टोपलीत, सरावाला.

आता कोर्ट राखण्याबद्दल, जे नवे लोक मामांचं काम समजून सोडून देतात. जाळी मध्यभागी ३ फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट हवी. रात्रीतून ती ढिली होते, पावसाने दोर आक्रसतो. मोजपट्टी नको: एक रॅकेट उभी धरा, तिच्या टोकावर दुसरीचं डोकं आडवं ठेवा. २७ इंच आणि वर साधारण नऊ-दहा, म्हणजे तीन फुटांच्या जवळ. मधला पट्टा त्याप्रमाणे ओढा. खेळ संपला की बेसलाइनजवळ (कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ) घसरल्याचे जे खड्डे पडतात ते आधी बुटाने माती परत ढकलून भरा, मग माती सपाट करायला जमिनीवरून ओढायची जाळी घ्या. बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून गोल-गोल फिरत मध्यावर या. उलट, आतून बाहेर ओढलं तर दर वेळी थोडी माती कडेला जाते, महिन्याभरात मध्यावर कडक तळ उघडा पडतो आणि बॉल तिथे घसरून येतो. सैल माती जिथे साचते तिथे तो मरतो. शेवटी पांढऱ्या पट्ट्या झाडूने झाडा, पाणी मामांना मारू द्या. ओल किती हवी ते त्यांना कळतं: टाचेने दाबलं तर ठसा उठावा पण माती बुटाला चिकटू नये. चिकटत असेल तर खेळू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. ओल्या कोर्टावर अर्ध्या तासात पडलेले खड्डे रोलर फिरवूनही नीट बसत नाहीत, आणि पुढचा आठवडाभर बाकीच्यांना वाकडे टप्पे मिळतात.

सध्या पावसाळा तोंडावर असेल तर मार्करकडे सर्व्हिस आणि व्हॉली एखाद्या सिंथेटिक कोर्टावर तासाने पैसे देऊन सुरू करा. असं कोर्ट पाणी ओढून काढलं की लवकर खेळण्याजोगं होतं. अर्ज मात्र ऑक्टोबरमध्ये, कोर्टं नव्याने दाबून झाल्यावर द्या. तेव्हा चार महिने थांबलेले सगळे एकदम येतात, जुन्या चौकड्यांत एखादी जागा रिकामी झालेली असते, आणि चौथा कोण हे नव्याने ठरत असतं.