दोघांचं परमिट, एकीची झोप

"मॅडम, मिस्टरांनी जर्मनीत जॉब बदललाय, मीपण बदललाय, दोघांचीही परमिटं १४ एप्रिलला संपतायत, रिन्यू नाही झाली तर काय, मला झोपच लागंना, काहीतरी सांगा."

फेब्रुवारी २०२५ मधला हा मेसेज. सकाळी ७ ला आला, मी गॅसवर चहा ठेवलावता, म्हणजे तिकडं रात्रीचे अडीच. असे मेसेज आता मला नवीन नाहीत, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या दीड खोलीच्या समुपदेशनाच्या क्लिनिकमधून मी जेवढी माणसं समोर बसवून बघते जवळजवळ तेवढीच आता स्क्रीनवर बघते, आणि त्यातली निम्मी सोलापूर, बार्शी, पंढरपूरची, राहणारी मात्र श्टुटगार्ट नाहीतर डब्लिनची. आणि प्रश्न फिरून फिरून हाच, की नोकरी बदलली, आता दोघांच्या कागदाचं काय होणार. म्हणून एकदा नीट लिहिते. दोघांना विचारून लिहितेय, नावं बदललीत, एकदोन गोष्टी इकडच्या तिकडं केल्यात.

सिद्धाराम मेकॅनिकल इंजिनियर, इथलाच, आईवडील जुळे सोलापूरला. मेसेज करणाऱ्या पल्लवीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, माहेर अक्कलकोट. तो जानेवारी २०२४ ला ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी माणसांना नोकरीसाठी मिळणारं परमिट) गेला, एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट होतं, तिकडं कॉन्ट्रॅक्ट छोटं असलं की कार्ड कॉन्ट्रॅक्ट अधिक ३ महिने एवढंच मिळतं, म्हणून १४ एप्रिल. पल्लवी मागनं बायको म्हणून गेली, तिच्याही कार्डावर तीच तारीख. वर्ष संपल्यावर कंपनीनं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. त्यानं दुसरी नोकरी शोधली, १ फेब्रुवारीला जॉइन झाला, पर्मनंट कॉन्ट्रॅक्ट, पण पहिले ६ महिने प्रोबेशन, आणि पगार वर्षाला ५२,००० युरोवरनं ४६,२०० वर आला. घरी सांगितलं की चांगली ऑफर आली म्हणून बदलली. पगाराचं तर इकडं कुणालाच नाही.

आता माझी चूक सांगते. पहिली तीन सेशन मी पल्लवीला अँग्झायटीची केस म्हणूनच बघितलं. श्वासाचे व्यायाम दिले, झोपायच्या आधी फोन लांब ठेव म्हणलं, डोक्यात येणारे विचार वहीत लिही म्हणलं. पोरगी गुणी, सगळं करायची, आणि परत गुरुवारी साडेआठला स्क्रीनवर यायची ती डोळ्याखाली काळं घेऊन. चौथ्या वेळी मी वैतागून (हो, आम्हीपण वैतागतो) म्हणलं, ती वही दाखव बरं. वहीत विचार नव्हतेच ओ, सगळे प्रश्न होते. "प्रोबेशनमध्ये कार्ड देतात का?" "मी जॉब बदलल्याचं परमिटच्या ऑफिसला कळवलं नाही, गुन्हा आहे का?" "४८,३०० पेक्षा पगार कमी, मग?" ह्या प्रश्नांना उत्तरं असतात. आणि मी तिला त्यावर खोल श्वास घ्यायला लावत होते.

मग म्हणलं, कार्ड आण, त्याच्यासोबत जो कागद असतो तोपण आण, कॅमेऱ्यासमोर धर. मला जर्मन येत नाही, पण तिला वाचता येतं की. तिच्या कार्डावर लिहिलेलं, "एरवेर्ब्सटेटिगकाइट एरलाउप्ट". हे म्हणताना आमची दोघींची जीभ अशी वळली की महिन्याभरात पहिल्यांदा ती हसली. अर्थ एवढाच, काम करायला परवानगी आहे. कुठल्या कंपनीत, ते लिहिलेलंच नाही. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला कुठंही नोकरी करता येते, बदलताही येते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. एक वर्ष हे वाक्य तिच्या पर्समध्ये होतं आणि तीन महिने ती त्याच गोष्टीसाठी स्वतःला गुन्हेगार समजत होती. मात्र तिच्या कार्डाची मुदत त्याच्या कार्डाला बांधलेली, हेही खरं. म्हणजे नोकरीच्या बाबतीत ती नवऱ्यापेक्षा मोकळी आणि राहण्याच्या बाबतीत सगळी भिस्त त्याच्यावर. ही असली गाठ मनाला किती काचते ते बाहेरून कळत नाही.

आणि त्या रात्री अडीचच्या मेसेजमागचं खरं कारण तो ४८,३०० चा आकडा होता. २०२५ साली ब्लू कार्डला वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता, तिनं नेटवर वाचलं, नवऱ्याचे ४६,२००, संपलं, बॅगा भरा. खाली अजून दोन ओळी वाचल्या असत्या तर दिसलं असतं की ज्या कामांना तिकडं माणसांची टंचाई आहे त्यांना मर्यादा कमी आहे, त्या वर्षी ४३,७५९ युरो ८० सेंट, आणि इंजिनियर त्यात येतात. फक्त अशा वेळी तिथल्या रोजगार खात्याची मंजुरीपण लागते, म्हणून वेळ जरा जास्त जातो. पण रात्री अडीचला कोण खालच्या दोन ओळी वाचतंय?

त्यात व्हॉट्सअॅप ग्रुप. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींचा, सगळ्या जगभर पांगलेल्या. लंडनवाली म्हणाली, नवीन व्हिसा मंजूर झाल्याशिवाय नवीन कंपनीत पाऊल टाकायचं नसतं, तुम्ही टाकलं कसं? अमेरिकावाली म्हणाली, नोकरी सुटली की ६० दिवस, मोजायला लाग. दोघीही आपापल्या देशापुरतं बरोबरच बोलत होत्या. ब्रिटनला स्किल्ड वर्करचं तसंच आहे आणि एच-१बी वाल्याला ६० दिवसच मिळतात. जर्मनीत ब्लू कार्डवाल्यानं पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर ऑफिसला कळवावं लागतं आणि ते ३० दिवस थांबवू शकतात, १२ महिने झाले की असं थांबवता येत नाही, हे नोव्हेंबर २०२३ पासून. सिद्धारामचे १२ महिने पुरे झालेवते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मैत्रीण कितीही जवळची असूदे, आधी बघा ती कुठल्या देशात बसून बोलतेय.

तरी मी स्पष्ट म्हणलं, बाई, मी काही वकील नाही, माझ्या वाचण्यावर विसंबू नकोस. तिकडं सरकारी पैशावर चालणारी मायग्रेशन सल्ला केंद्रं असतात, फुकट असतात, तिथं ही वही घेऊन जा. गेली. २५ मिनिटांत अकरा प्रश्नांवर टिकमार्क होऊन आले. त्यातलं सगळ्यात कामाचं हे की अर्ज कार्ड संपायच्या आधी गेला पाहिजे, गेला की निर्णय लागेपर्यंत जुनं कार्ड चालू धरलं जातं, राहताही येतं आणि कामही करता येतं. १५ एप्रिलला कुणी विमानात बसवायला येत नाही.

मग अर्ज का केला नव्हता अजून? इथं सिद्धारामला बोलवावं लागलं.

तो आला ते हाताची घडी घालून. "मॅडम, मी टेन्शन घेत नाही, तीच घेते." बरं म्हणलं. अर्ज कधी करणार? "पहिली सॅलरी स्लिप येऊ दे." का, ऑफिसनं मागितलीय? नाही. मग? गप्प. मी पण गप्प बसले, खाली रिक्षावाल्याचं "काय बे, बाजूला घे की" चाललेलं तेवढं ऐकू येत होतं, त्यालाही फोनवर ऐकू गेलं असणार, कारण तो जरासा हसला आणि मग बोलला. की अर्जात कंपनीकडनं फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यात पगाराचा आकडा असतो, ते सगळं पल्लवी अपलोड करणार, आणि तो आकडा असा कागदावर, शिक्का मारून, तिच्यासमोर यायला नको होता. तिला आकडा माहीत होता ओ. तोंडी माहीत होता. पण त्याला वाटायचं कागद एकदा झाला की आपण खाली आलो हे पक्कं झालं. शिवाय जुळे सोलापूरच्या फ्लॅटचा हप्ता तोच भरतो, वडिलांना कळलं तर ते स्वतःची एफडी मोडतील, ही भीती वेगळीच.

तेव्हा मी दोघांना एकच काम दिलं. रविवारी सकाळी ११ ते १२, टेबलावर फाईल, परमिटचं जे काही बोलायचं ते तेव्हा. रात्री काही आठवलं तर वहीत टाका, रविवारी बघू. आमच्याकडं ह्याला वरी टाइम म्हणतात, काळजीला बंदी नाही, फक्त तिला वार आणि वेळ लावून द्यायची. पहिल्या रविवारी २० मिनिटांत भांडण झालं. दुसऱ्या रविवारी अर्ज गेला, कार्ड संपायच्या आत, सॅलरी स्लिपशिवायच, ती नंतर दिली तरी चालली.

आणि त्याच दुसऱ्या रविवारी फाईल चाळताना पल्लवीला स्वतःचा पासपोर्ट दिसला. जुलै २०१५ चा. म्हणजे जुलै २०२५ ला खलास. महिनाभर दोघं त्याच्या नोकरीकडं डोळे लावून बसलेले आणि हिच्या पासपोर्टकडं कुणी बघितलंच नव्हतं, आणि परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडं देत नाहीत, म्हणजे सगळं मंजूर होऊनसुद्धा तिला तीन महिन्यांचंच कार्ड मिळालं असतं. तुम्ही हे वाचताय ना, आत्ता उठा आणि दोघांच्याही पासपोर्टची तारीख बघून या. मग पुढचं वाचा.

कॉन्सुलेटकडं पासपोर्टचा अर्ज केला. पासपोर्टवर पत्ता लग्नाआधीचा, अक्कलकोटचा. झालं असं की व्हेरिफिकेशनला पोलीस थेट तिच्या माहेरी. आई एकट्या घरी, शेंगा भाजत होत्या, दारात खाकी बघून हातातलं उलथनं तसंच घेऊन बाहेर आल्या, पोरीनं तिकडं काय केलं म्हणून. पोलिसानं बिचाऱ्यानं दोन सह्या घेतल्या, पाणी पिऊन गेला. पण आईंनी लगेच व्याह्यांना फोन लावला, "पोलीस आलते ओ घरी!" आणि जुळे सोलापूरपासून जर्मनीपर्यंत सगळं पेटलं.

त्या संध्याकाळी सिद्धारामनं घरी सगळं सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही इथपासून पगारापर्यंत. मला वाटलेलं मोठा सीन होणार. वडिलांनी एवढंच विचारलं, "हप्ता जमतोय का?" जमतोय म्हणाला. "मग झालं की," म्हणाले आणि फोन आईकडं दिला. आई मात्र चिडल्या, अजून चिडलेल्या आहेत, पगारासाठी नाही, पोलीस आल्यावर कळायचं का आम्हाला, म्हणून. मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. आणि पल्लवी म्हणाली, दर रविवारी अत्यांशी, म्हणजे सासूबाईंशी, फोनवर "सगळं छान चाललंय" म्हणताना माझ्या पोटात गोळा यायचा, तो त्या दिवशी गेला. झोपेचं औषध मला लिहिता येत नाही, तसंही त्यानंतर तिनं मागितलं नाही.

राहिलं दिराचं लग्न. मेमधलं, सोलापुरात, ऐन उन्हात, दुसरा मुहूर्तच नव्हता म्हणे. जुनं कार्ड एप्रिलमध्ये संपलेलं, नव्याची अपॉइंटमेंट थेट जूनची. जाता येईल, पण परत घेतील का? अशा वेळी तिथलं परदेशी लोकांचं ऑफिस, आपली पोरं एबीएच म्हणतात, एक तात्पुरता कागद देतं, त्याच्या जर्मन नावात फिक्त्सिओन असल्यामुळं सगळे त्याला फिक्शनच म्हणतात. त्याच्या आत चौकोन असतात, कुठल्या चौकोनावर खूण आहे ते बघायचं. तिथल्या परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्याचं कलम ८१, उपकलम ४ वर खूण असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम ३ वर असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. ह्या दोघांनी अर्ज मुदतीत केलेला म्हणून ४ वर खूण होती, मी दोनदा कॅमेऱ्यावर बघितली, माझाच विश्वास बसंना.

लग्न झालं. पल्लवी मला भेटायला क्लिनिकवर आली, सासूबाईंनी दिलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा पुडा घेऊन, स्क्रीनवर वाटते त्यापेक्षा बरीच उंच आहे. परत जाताना मुंबईला चेक-इनवाल्या मुलीनं तो फिक्शनचा कागद उलटसुलट केला, सुपरवायझरला बोलावलं, वीसेक मिनिटं उभं केलं. पल्लवीनं त्या चौकोनावर आधीच पिवळा हायलायटर मारून ठेवलावता.

कार्डं ऑगस्टमध्ये आली. आता ती विचारतेय की माझाही पगार त्या मर्यादेत बसतोय, तर मी बायको म्हणून न राहता स्वतःच्या नावावर ब्लू कार्ड काढू का. सिद्धाराम म्हणतो काढ. मी म्हणलं, वही घे आणि त्या सल्ला केंद्राची अपॉइंटमेंट घे.