वायरगार्डचा हँडशेक होतोय, पोर्टही उघडलंय, तरी सर्व्हरमागचं मशीन टनेलमधून का पोचत नाही?

म्हणजे तुमची परिस्थिती अशी की सर्व्हरवर वायरगार्ड या व्हीपीएनसाठी यूडीपी ५१८२० हे पोर्ट उघडलं, हँडशेक (दोन्ही टोकांची सुरुवातीची ओळखपाळख) झाल्याचं दिसतंय, टनेलमधून सर्व्हरला पिंगही जातं, पण सर्व्हरच्या मागे लॅनवर असलेलं फाईल ठेवायचं मशीन काही केल्या सापडत नाही, आणि तुम्ही विचारताय की पोर्ट उघडं असताना फायरवॉल अजून अडवतोय तरी काय.

आतलं पॅकेट अडवतोय. टनेलमधून आलेलं पॅकेट लिनक्सच्या फायरवॉलसमोरून दोनदा जातं आणि दोन्ही वेळा त्याचं रूप वेगळं असतं. पहिल्यांदा ते ईथ-झिरोवर, म्हणजे सर्व्हरच्या खऱ्या नेटवर्क कार्डावर येतं, साधं यूडीपी म्हणून, थेट सर्व्हरच्याच पत्त्यावर, म्हणून ते इनपुट चेनमध्ये (खुद्द सर्व्हरसाठी आलेल्या पॅकेटांच्या रूलची यादी) तपासलं जातं आणि त्याच्या पोटात काय आहे हे तिथे कळायचा प्रश्नच नाही. मग वायरगार्ड ते उलगडतो आणि आतलं पॅकेट कर्नलकडे असं सोपवतो की जणू ते वायरगार्डच्या डब्ल्यूजी-झिरो नावाच्या आभासी कार्डावर आत्ताच बाहेरून आलंय, आणि मग सगळी तपासणी पहिल्यापासून, आधी प्रीराउटिंग (वाट ठरण्याआधीची चेन), नंतर पत्ता सर्व्हरचा असेल तर इनपुट, दुसऱ्या मशीनचा असेल तर फॉरवर्ड. तुमचा ५१८२० वाला रूल पहिल्या फेरीपुरता आहे. सर्व्हरला पिंग जातं कारण इनपुटमध्ये आयसीएमपीला (पिंग ज्यातून जातं तो प्रोटोकॉल) कुठेतरी परवानगी असणार, पण फाईलवाल्या मशीनचं पॅकेट फॉरवर्डमध्ये जातं आणि तिथे बहुतेक पॉलिसीच ड्रॉप आहे, म्हणजे कुठलाच रूल जुळला नाही तर पॅकेट टाकून द्यायचं. काहींना वाटतं की एस्टॅब्लिश्डवाला (आधीच चालू असलेल्या कनेक्शनला जाऊ देणारा) रूल आहे ना, मग चालेल, पण कनेक्शन ट्रॅकिंगच्या दृष्टीने बाहेरचं यूडीपी आणि आतलं कनेक्शन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आतलं तिथे नवीन म्हणूनच येतं.

अंदाज करत बसण्यापेक्षा दोन खिडक्या उघडा, एकीत टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) ईथ-झिरोवर लावा, दुसरीत डब्ल्यूजी-झिरोवर, आणि क्लायंटवरून पिंग सोडा. ईथ-झिरोवर १४८ लांबीचं यूडीपी आणि त्याला उलट ९२ चं दिसलं की तो हँडशेक. ३२ वालं दिसलं तर ते नुसतं कीपअलाइव्ह, म्हणजे टनेल जिवंत ठेवण्यापुरतं, त्यात डेटा नसतो. आणि लिनक्सचं नेहमीचं पिंग १२८ चं दिसतं, कारण ते ८४ बाइटचं, त्याला १६ च्या पटीत आणायला ९६ पर्यंत भरतात आणि वर वायरगार्डचे स्वतःचे ३२. डब्ल्यूजी-झिरोवर तेच पिंग उघड्या रूपात दिसेल, क्लायंटच्या १०.८.०.२ पासून मशीनच्या १९२.१६८.१.२० कडे जाणारं (तुमचे पत्ते वेगळे असतील, समजून घ्या). इथे बरेच जण फसतात: आत येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं, त्यामुळे डब्ल्यूजी-झिरोवर दिसलं म्हणजे पास झालं असं नाही. तेच पिंग पुढे ईथ-झिरोवरून लॅनकडे बाहेर पडताना दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर फॉरवर्ड चेनचे काउंटर बघा, प्रत्येक पिंगला ड्रॉपचा आकडा एकाने वाढत असेल तर चोर सापडला.

उपाय मग साधा आहे. आयपी फॉरवर्डिंग १ आहे ना ते बघा, फॉरवर्डमध्ये डब्ल्यूजी-झिरोवरून ईथ-झिरोकडे जाणाऱ्याला परवानगी द्या आणि उलट दिशेला फक्त एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड चालू द्या. एवढ्यावर पिंग बाहेर पडतं पण उत्तर येत नाही असं होऊ शकतं, कारण त्या मशीनला १०.८.०.० वालं नेटवर्क कुठे आहे हे माहीतच नसतं, ते उत्तर आपल्या राउटरकडे टाकून मोकळं होतं. राउटरवर स्टॅटिक रूट टाकता येतो, पण मग जाताना पॅकेट सर्व्हरकडून थेट आणि येताना राउटरमार्गे अशी वाट होते आणि काही राउटर असं अर्धवट दिसलेलं टीसीपी इनव्हॅलिड म्हणून टाकून देतात, पिंग चालतं आणि बाकी काही चालत नाही, डोकं उठतं नुसतं. मी तरी अशा छोट्या सेटअपला सर्व्हरवर मास्करेड (बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर सर्व्हरचाच पत्ता टाकणं) लावून मोकळा होतो, लॉगमध्ये सगळे सर्व्हरच्याच पत्त्याने दिसतात एवढाच तोटा.

वायरगार्डच्या कॉन्फिगमधल्या अलाउड आयपीजला फायरवॉल समजू नका. उलगडलेल्या पॅकेटचा मूळ पत्ता त्या पीअरच्या (टनेलच्या दुसऱ्या टोकाच्या) यादीत आहे का आणि जाणारं पॅकेट कोणत्या पीअरला द्यायचं एवढंच ते बघतं, पोर्ट वगैरे त्याला कळत नाही. आणि हे सगळं इंटरफेस असलेल्या टनेलचं झालं. जुन्या पद्धतीच्या आयपीसेक या व्हीपीएनला वेगळा इंटरफेसच नसतो, उलगडलेलं पॅकेटही ईथ-झिरोवरूनच आल्यासारखं दिसतं, तिथे पॉलिसी मॅच (पॅकेट आयपीसेकमधून आलं का हे बघणारी अट) लावावा लागतो, नाहीतर उघडं आलेलं आणि टनेलमधून आलेलं यात फरकच करता येत नाही. ओपनव्हीपीएनमध्ये क्लायंट-टू-क्लायंट चालू केलं तर ते दोन क्लायंटमधलं पॅकेट सहसा आतल्या आत परस्पर फिरवतं, टन इंटरफेसपर्यंत येतच नाही, मग तुम्ही कितीही रूल लिहा.

एनएफटेबल्स (लिनक्सचा फायरवॉल लिहायची नवी पद्धत) वापरत असाल तर माझी एक चूक करू नका. मी रूलमध्ये आयआयएफ लिहिलं होतं, आयआयएफनेम नाही. आयआयएफ इंटरफेसचा नंबर बघतं, नाव नाही, आणि रीबूटला फायरवॉल लोड झाला तेव्हा डब्ल्यूजी-झिरो जन्मालाच आलेला नव्हता, त्यामुळे एक रूल नाही तर अख्खी फाईलच नाकारली गेली. मशीन दोन दिवस बिनाफायरवॉलचं नेटवर उभं होतं आणि सगळं चालत असल्यामुळे मला पत्ताही नाही. नाव वापरलं की इंटरफेस नंतर आला तरी चालतं.

आणि हे सगळं होऊन पिंग आलं, पण मोठी फाईल कॉपी करताना मध्येच गोठली, तर परत फॉरवर्डचे रूल उकरत बसू नका, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. वायरगार्ड सहसा १४२० धरतो, म्हणजे १५०० मधून आयपीव्ही६ च्या हिशोबाने ८० वजा, पण तुमची लाइनच १४९२ ची असून टनेल आयपीव्ही६ वरून जात असेल किंवा वाटेत कोणी आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल तर मोठी पॅकेट गुपचूप गायब होतात. फॉरवर्डमध्ये टीसीपीच्या सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पॅकेटवर एमएसएस क्लॅम्प (टीसीपीच्या तुकड्यांचा आकार कमी करायला लावणारा रूल) लावून बघा, नाहीच झालं तर दोन्ही टोकांना एमटीयू १३८० करून परत तीच फाईल कॉपी करा.