घरात कोणती भाषा बोलता?

पुण्यातली कायम नोकरी सोडून अमेरिकेत नीतिशास्त्र शिकवायला यावं का आणि सात वर्षांच्या मुलीच्या शाळेचं कसं होईल, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सोडतो. मुलीचं वाचून मात्र राहवलं नाही.

आधी नोकरी. टेन्युअर ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होण्याची वाट असलेली जागा, असेल तर या. अ‍ॅडजंट म्हणून बोलावत असतील तर नको. दर कोर्समागे पैसे, पुढच्या सत्राची खात्री नाही. आपली तीन वर्षांची बी.ए. बरेच जण पूर्ण पदवी धरत नाहीत, म्हणून एम.ए.च्या गुणपत्रिकाही विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटात आणा, दोन संच जास्तच. माझं पाकीट भावाने आत सगळं आहे ना हे बघायला उघडलं, सील तुटलं आणि चार महिने गेले.

शिकवण्यात मात्र जीव रमतो. खुनी दारात आला तरी खोटं बोलू नये, हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा १७९७ चा निबंध मी महाभारताच्या कर्णपर्वातल्या कौशिकासोबत शिकवतो. सत्याचं व्रत म्हणून त्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट सांगितली आणि नरकात गेला. नर्सिंगची मुलं यावर तासभर भांडतात.

एकटेपणा? असतो. हिवाळ्यात जास्त. सवय होते.

शाळेत नाव घालताना फॉर्मवर विचारतात, घरात कोणती भाषा बोलता? मी 'मराठी' लिहिलं. तेवढ्यावरून माझ्या मुलीची इंग्रजीची चाचणी घेतली. दोन वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेली पोर परक्या बाईंसमोर तोंडच उघडेना. मग वर्षभर रोज वाचनाच्या तासाला तिला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेत. "बाबा, मला येत नाही का?" असं ती विचारायची.

धाकट्याच्या वेळी त्याच रकान्यात मी 'इंग्लिश' लिहिलं. त्या आठवड्यात वर्गात कांटच चालू होता. कौशिकाची गोष्ट माझ्या कामी येत नाही, माझ्या दारात कुणी खुनी नव्हता. आणि लिहिलेलं खरं करायला म्हणून की काय, आम्ही त्याच्याशी इंग्रजीच बोलत गेलो. आता आजीचा फोन आला की ती काय म्हणतेय ते मोठी त्याला समजावून सांगते.

तुम्ही मराठीच लिहा. चाचणीआधी मुलीला एकदा शाळा दाखवून आणा, बाईंशी बोलू द्या. आणि त्या वेगळ्या तासाला पालक लेखी नकार देऊ शकतात. मला हे कळलं तोवर धाकट्याचा फॉर्म भरून झाला होता.