ड्रॅगन काढताय? खवले सगळ्यात शेवटी

तुझं चित्र पाहिलं. डोळा जिवंत उतरलाय, हात चांगला आहे तुझा. फक्त क्रम उलटा झाला: एकेक खवला आधी रंगवलास आणि शेपटीला कागदच उरला नाही.

सुरुवात एका वाहत्या रेषेनं कर, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत. हा कणा. त्यावर तीन गोल: डोकं, छाती, कंबर. छातीचा सगळ्यात मोठा. पेन्सिल हलकी धर. दाबून काढलेली रेघ खोडली तरी तिचा वळ कागदावर राहतो.

खरी अडचण पंखांची. नवीन मुलं ते पाठीच्या मधोमध चिकटवतात. पंख म्हणजे हातच. वटवाघळाचा फोटो नीट बघ: खांदा, कोपर, मनगट, तिथून फाकलेली लांब बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी, छत्रीच्या काड्यांवर कापड असतं तशी. म्हणून पंख पुढच्या पायाच्या खांद्याजवळूनच निघू दे. एवढं जमलं की ड्रॅगन उडू शकेल असं वाटायला लागतं.

पायांसाठी सरडा बघ. सकाळच्या उन्हात भुईकोट किल्ल्याकडे चक्कर मार, तटाच्या दगडांवर दिसला तर भराभर रेखाटनं कर. गुडघे कुठे वाकतात तेवढंच टिपायचं.

चिनी ड्रॅगन सापासारखा लांब आणि बहुधा बिनपंखी. तोही काढून बघ.

ज्वाळा, छायाप्रकाश, रंग आत्ता नकोत. आधी नुसते सांगाडे, पाच-सहा तरी. आणि पुढच्या वेळी पहिल्या कच्च्या रेघा खोडू नकोस, मला त्याच बघायच्यात.